कानउघाडणी : चारचौघांत की एकांतात?

ज्याच्या हाताखाली माणसे काम करतात, त्याला कधी ना कधी त्यांच्या चुका दाखवून द्याव्याच लागतात. हे कर्तव्य अप्रिय असले तरी टाळता येण्याजोगे नाही. चूक दाखवावी की नाही, याविषयी म्हणून फारसा वाद नसतो. ती कोठे व कोणासमोर दाखवावी, याविषयी मात्र असतो. घरात सांगितलेली चूक सुधारते आणि चव्हाट्यावर मांडलेली चिघळते, असा आपला सर्वसाधारण समज आहे. परंतु 'घरातली गोष्ट घरातच' या सबबीखाली कित्येकदा अन्यायही झाकला जातो, हेही आपण पाहिलेले असते. तेव्हा हा प्रश्न जरा खोलात जाऊन तपासणे आवश्यक आहे. त्यासाठी प्रस्तुत लेखात अमेरिकेतील बेसबॉल या खेळाचा आधार घेतला आहे. कारण तेथील प्रशिक्षकांपुढे हा प्रश्न जवळजवळ रोज उभा राहतो.

बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा दूरचा नातलग. तेथील व्यावसायिक संघ सुमारे सहा महिन्यांत १६२ सामने खेळतो. संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला 'मॅनेजर' म्हणतात. कोणी खेळायचे, कोणाला बाहेर बसवायचे, हे तोच ठरवितो. सामन्याच्या आधी आणि नंतर वार्ताहर त्याला गाठतात. अमका खेळाडू का धावला नाही, तमक्याला फटका का मारता आला नाही, असे प्रश्न त्याला विचारले जातात. संघ हरला की पहिले गंडांतर बहुधा प्रशिक्षकाच्याच नोकरीवर येते. अशा वेळी दोष खेळाडूच्या माथी मारून मोकळे होण्याचा मोह किती प्रबळ असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

उघड टीकेच्या बाजूनेही सांगण्याजोगे बरेच आहे. प्रेक्षक पैसे मोजून खेळ पाहतात, त्यांना खरे ऐकण्याचा हक्क आहे. नामांकित खेळाडूची चूक झाकायची आणि नवख्याला मात्र धारेवर धरायचे, हा पक्षपात होय. शिवाय एकांतातले बोल दहादा वाया गेल्यावर अकराव्या वेळी लोकलाज तरी उपयोगी पडेल, असे एखाद्या प्रशिक्षकाला वाटले तर त्याला सर्वस्वी चूक ठरविता येत नाही. या युक्तिवादांचे वजन मान्य करूनच आपण पुढे जाऊ.

३० जुलै १९६९ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर न्यूयॉर्क मेट्स व ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज या संघांत एकाच दिवशी दोन सामने झाले. पहिला सामना मेट्सने १६-३ असा गमावला. दुसऱ्यातही तिसऱ्याच डावात ह्यूस्टनने धावांचा वर्षाव चालविला होता. एक चेंडू डाव्या बाजूच्या सीमेकडे गेला. तेथील क्षेत्ररक्षक क्लिऑन जोन्स हे त्या वर्षी उत्कृष्ट फलंदाजी करीत होते. परंतु त्या चेंडूमागे ते संथपणे धावले. मेट्सचे प्रशिक्षक गिल हॉजेस मैदानात उतरले. पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, बदलण्यासाठी ते येत असावेत असे सर्वांना वाटले. ते पिचरच्या पुढे गेले, आतल्या फळीतील खेळाडूंच्याही पुढे गेले आणि थेट डाव्या सीमेकडे जोन्स यांच्याजवळ पोहोचले. दोघांत थोडके शब्द झाले. आपला घोटा दुखावलेला असून मैदानही ओले आहे, असे जोन्स यांनी सांगितले. तसे असेल तर तुम्ही खेळू नये, अशा आशयाचे उत्तर देऊन हॉजेस वळले आणि जोन्स त्यांच्यामागून बाहेर आले. सामन्यानंतर वार्ताहरांना सांगण्यात आले ते एवढेच, की जोन्स यांच्या पायाला दुखापत आहे.

दुसरा प्रसंग १८ जून १९७७ चा. बोस्टनच्या फेनवे पार्कवर न्यूयॉर्क यांकीज व बोस्टन रेड सॉक्स यांचा सामना देशभर दूरदर्शनवर दाखविला जात होता. यांकीजचे प्रशिक्षक होते बिली मार्टिन. बोस्टनच्या जिम राइस यांनी मारलेल्या चेंडूकडे उजव्या बाजूचे क्षेत्ररक्षक रेजी जॅक्सन आळसाने गेले, असे मार्टिन यांना वाटले. त्यांनी डाव चालू असतानाच पॉल ब्लेअर या खेळाडूला मैदानात पाठवून जॅक्सन यांना परत बोलाविले. जॅक्सन खेळाडूंच्या कट्ट्यापाशी येताच दोघांत कडाक्याची बाचाबाची झाली. मार्टिन हातघाईवर येऊ पाहत होते. त्यांच्या सहायकांनी त्यांना धरून ठेवले. हे सारे कॅमेऱ्यांनी टिपले आणि लक्षावधी लोकांनी आपापल्या घरी बसून पाहिले.

वरवर पाहता दोन्ही प्रसंग एकच आहेत. चूक तीच, शिक्षा तीच आणि दोन्ही ठिकाणी ती हजारो लोकांसमक्ष झाली. खेळाचे मैदान उघडे असते. तेथे खेळाडूला बदलणे लपवून करता येत नाही. तेव्हा उघडपणा एवढाच दोष मानला, तर हॉजेसही दोषी ठरतील. फरक वेगळ्या ठिकाणी आहे. हॉजेस स्वतः चालत खेळाडूपाशी गेले. त्यांनी त्याला विचारले आणि त्याचे उत्तर ऐकले. शिक्षा सर्वांनी पाहिली, पण बोलणे दोघांतच राहिले. मार्टिन यांनी दुसऱ्याला पाठविले, आणि जे दोघांत बोलायचे ते कॅमेऱ्यांसमोर बोलले गेले. हॉजेस यांच्या कृतीतून संघाला जो धडा मिळायचा तो मिळाला; जोन्स यांना मात्र दुसऱ्या दिवशी ताठ मानेने मैदानावर येता आले.

परिणामांवरून निवाडा करावयाचा झाल्यास जपून करावा लागतो. मेट्सने १९६९ साली अजिंक्यपदाची वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि १६ ऑक्टोबर रोजी शेवटच्या प्रतिस्पर्ध्याला बाद करणारा झेल क्लिऑन जोन्स यांनीच घेतला. पुढील आयुष्यात ते हॉजेस यांच्याविषयी आदरानेच बोलत आले. परंतु यांकीजनेही १९७७ साली अजिंक्यपद मिळविलेच, आणि त्या मालिकेच्या अखेरच्या सामन्यात जॅक्सन यांनीच तीन होमरन मारले. म्हणजे अपमानित खेळाडूही पराक्रम करू शकतो. विजय ही नीतीची कसोटी नव्हे. माणसांमाणसांतील संबंधांचे काय झाले, हे पाहू गेल्यास मात्र चित्र निराळे दिसते. पुढच्याच वर्षी, जुलै १९७८ मध्ये, मार्टिन यांनी वार्ताहरांपाशी जॅक्सन आणि संघाचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर या दोघांविषयी कटू उद्गार काढले आणि दुसऱ्याच दिवशी साश्रू नयनांनी राजीनामा दिला. चारचौघांत बोलण्याची जीभेला सवय लागली की ती कोठे थांबावे हे विसरते.

उघड टीकेचा आणखी एक परिणाम असा, की ती इतरांना मोकळीक देते. मे २०२१ मधील एक घटना या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. शिकागो व्हाइट सॉक्सचा संघ मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध १५-४ असा आघाडीवर होता. सामना हातचा गेल्यामुळे ट्विन्सने नेहमीच्या पिचरऐवजी एका साध्या खेळाडूला चेंडू टाकावयास लावले होते. शिकागोचे नवोदित खेळाडू यर्मिन मर्सेडिस यांनी, चेंडू सोडून देण्याची खूण असतानाही, होमरन मारला. हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला आणखी खिजवू नये, हा बेसबॉलमधील जुना अलिखित संकेत आहे. त्या भावनेत सौजन्य आहे, हे नाकारता येत नाही. परंतु शिकागोचे प्रशिक्षक टोनी ला रुसा यांनी ही चूक वार्ताहरांपुढे कठोर शब्दांत मांडली. या चुकीचे फळ खेळाडूला आपल्या कुटुंबातच, म्हणजे संघातच, भोगावे लागेल असेही ते म्हणाले. पण कुटुंबातली गोष्ट तोवर जगभर झाली होती. दुसऱ्या दिवशी ट्विन्सच्या पिचरने मर्सेडिस यांच्या पाठीमागून जाईल असा चेंडू फेकला. पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढले. ला रुसा यांना मात्र त्यात काही वावगे दिसले नाही. ज्याने ढाल व्हावयाचे तोच बाजूला सरला, तर दगड मारणाऱ्याला कोण अडविणार? शिकागोच्या काही खेळाडूंनी उघडपणे मर्सेडिस यांची बाजू घेतली, यात नवल नाही. आज त्याच्यावर आले ते उद्या आपल्यावर येईल, हे कोणालाही कळते.

येथे एक अवघड शंका उभी राहते. खेळाडूला सांभाळण्यासाठी प्रशिक्षकाने खोटे बोलावे काय? हॉजेस यांनी दुखापतीचे कारण पुढे केले, तेव्हा ते असत्य नव्हते, कारण घोटा दुखत होता. पण ते पूर्ण सत्यही नव्हते. या बाबतीत त्यांना निर्दोष ठरविण्याची घाई करू नये. दयेपोटी बोललेले अर्धसत्य हळूहळू सवयीचे होते, आणि मग खेळाडूलाही प्रशिक्षकाच्या शब्दांचे मोल राहत नाही. मात्र सर्व सांगणे आणि खोटे सांगणे या दोहोंखेरीज तिसरा मार्गही आहे. "ही गोष्ट माझ्या व त्याच्यामधली आहे" असे स्पष्ट सांगून गप्प राहणे, हा तो मार्ग. त्यात असत्य नाही आणि विश्वासघातही नाही. अटलांटा ब्रेव्ह्‌जचे प्रशिक्षक बॉबी कॉक्स आपल्या खेळाडूंची निंदा वार्ताहरांपुढे करीत नसत, अशी त्यांची ख्याती होती. पंचांशी हुज्जत घातल्यावरून नियमित सामन्यांत त्यांना १५८ वेळा मैदानाबाहेर काढण्यात आले. हा विक्रम भूषणावह म्हणावा असा नव्हे. पण त्यातील बऱ्याच वेळी ते आपल्या खेळाडूवर येणारा प्रसंग स्वतःवर ओढवून घेत होते, हेही विसरता कामा नये.

ख्रिस्ती वाचकाला या विषयात मत्तयकृत शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय आठवल्यावाचून राहणार नाही. अपराधी बंधूकडे प्रथम एकट्याने जावे, मग एकदोघांना बरोबर घ्यावे, आणि तरीही त्याने न ऐकल्यास मंडळीला कळवावे, असा क्रम तेथे प्रभूने घालून दिला आहे. बंधू परत मिळावा, हा त्या क्रमामागील हेतू. पण त्याच नव्या करारात गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्यायही आहे. अंत्युखियात पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष दोष दिला. ही विसंगती आहे काय? नाही. काही लोक येताच पेत्र परजातीय बांधवांच्या पंक्तीतून उठला होता. त्या कृतीने घायाळ झालेले लोक तेथेच उपस्थित होते. त्यांचा अपमान उघड झाला होता. त्याचे परिमार्जन खासगीत करून त्यांना न्याय मिळाला नसता.

येथे आपल्याला एक मर्यादा आखता येते. ज्या चुकीने तिसऱ्याच कोणाचा उघड अपमान अथवा अहित झाले, तिचा निषेध उघडच झाला पाहिजे. सप्टेंबर २०१२ मध्ये टोरंटो ब्लू जेजचे खेळाडू युनेल एस्कोबार समलिंगी व्यक्तींना हिणवणारा मजकूर चेहऱ्यावर लिहून मैदानात उतरले. त्यांच्या संघाने त्यांना तीन सामन्यांसाठी निलंबित केले आणि त्यांनी वार्ताहरांसमोर क्षमा मागितली. त्या वेळी प्रशिक्षक जॉन फॅरेल त्यांच्या सोबत बसले होते. दोषाला दोष म्हटले गेले, पण दोषी माणसाला एकटे टाकले गेले नाही. याउलट १९७५ च्या मे महिन्यात मेट्सच्या अध्यक्षांनी क्लिऑन जोन्स यांना, त्यांच्या खासगी आयुष्यातील एका प्रकरणाबद्दल, पत्नीला शेजारी उभे करून वार्ताहरांपुढे माफी मागावयास लावले. त्या प्रकरणातील आरोप टिकला नाही. हॉजेस तोवर हयात नव्हते. १९७२ च्या एप्रिलमध्येच त्यांचे निधन झाले होते. सहा वर्षांपूर्वी ज्या माणसाची लाज एका प्रशिक्षकाने राखली, त्याच माणसाची लाज त्याच संघाच्या अध्यक्षांनी वेशीवर टांगली. त्या माफीने कोणाचे नुकसान भरून निघाले, हे सांगता येत नाही. संघाच्या अधिकाऱ्यांची नीतिमत्ता मात्र जगाला दिसली, आणि बहुधा तेवढ्यासाठीच तो खटाटोप होता.

गिल हॉजेस यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रशिक्षक होण्यापूर्वी ते ब्रुकलिन डॉजर्सचे नामवंत खेळाडू होते. १९५२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्यांना २१ प्रयत्नांत एकही यशस्वी फटका मारता आला नाही. १९५३ च्या मोसमाची सुरुवातही तशीच निराशाजनक झाली. त्यांचे अपयश सर्व शहराला ठाऊक होते. अशा दिवसांत ब्रुकलिनमधील एका देवळात फादर हर्बर्ट रेडमंड यांनी, आज उकाडा फार असल्यामुळे प्रवचन करीत नाही, असे म्हणून लोकांना घरी जाण्यास, आज्ञा पाळण्यास आणि गिल हॉजेससाठी प्रार्थना करण्यास सांगितले. हॉजेस यांचे अपयश तेथे भर देवळात, नाव घेऊन उच्चारले गेले; तरीही त्यात निंदेचा लवलेश नव्हता. त्या वर्षाअखेर हॉजेस यांची फलंदाजी पूर्ववत बहरली. प्रार्थनेचे फळ कसे मोजावे, हा विषय येथे नको. परंतु ज्याचे अपयश एका संपूर्ण शहराने असे सांभाळून घेतले होते, त्याने पुढे दुसऱ्याची चूक सांभाळून घ्यावी, हे स्वाभाविकच वाटते.

तेव्हा प्रशिक्षकांनी आपल्या खेळाडूंवर उघड टीका करावी काय, या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल : खेळातील चूक, आळस, अपयश यांबद्दल करू नये, तिसऱ्या कोणावर उघड अन्याय झाला असेल तर अवश्य करावी, पण तीही खेळाडूला आधी भेटून आणि त्याच्या बाजूला उभे राहून. हाच नियम शाळेच्या मुख्याध्यापकाला, वसतिगृहाच्या अधीक्षकाला, मंडळीच्या पाळकाला आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही लागू आहे. चारचौघांत कोणाचा दोष उच्चारण्यापूर्वी त्यांनी स्वतःला विचारावे : मी याच्याशी एकट्याने बोललो आहे काय? त्याचे म्हणणे ऐकले आहे काय? या बोलण्याने ज्याचे नुकसान झाले त्याला काही मिळणार आहे, की केवळ माझी बाजू सावरली जाणार आहे? यांपैकी एकाचेही उत्तर मनाला टोचले, तर तूर्त गप्प राहावे आणि त्या माणसाकडे चालत जावे.