नाव राखावी कोणी?

सज्जनहो, प्रश्न साधा आहे, आणि साधा आहे म्हणूनच आपण तो टाळतो. सर्व भूतांत देव आहे असे आपण रोज म्हणतो. वाळवंटात समोर आलेल्या लहान पोराच्याही पाया पडतो. मग रात्री नदीकाठी नाव बांधून घरी जाणाऱ्या माणसाने तिला साखळी घालून कुलूप का लावावे? राखणीला माणूस का ठेवावा? येणाऱ्याजाणाऱ्यावर हा अविश्वास नव्हे काय? आमच्या दिंडीतल्या एका गृहस्थांनी हाच प्रश्न मला विचारला, आणि स्वतःच उत्तरही देऊन टाकले : "अहो, ज्याची नाव तो राखील." त्यांच्या मनात 'तो' म्हणजे पांडुरंग. ऐकायला फार गोड वाटले. पण मला ते उत्तर गिळता येईना. का, ते सांगण्यासाठी मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

चंद्रभागेतल्या होड्या आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाहीत? भीमा पंढरपुराला चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला आपण चंद्रभागा म्हणतो. तिच्या काठी कोळी मंडळी पिढ्यान् पिढ्या होड्या चालवीत आली आहेत. पाणी असले म्हणजे महाद्वार घाटापासून पुंडलिकाला, गोपाळपुराकडे, विष्णुपदाला माणसे होडीतून जातात. मार्गशीर्षात तर देव विष्णुपदावर राहायला जातो अशी आपली श्रद्धा. त्या महिन्यात घरची भाकरी फडक्यात बांधून, होडीत बसून विष्णुपदाला जायचे आणि तिथे जेवायचे, यासारखे सुख नाही.

२०२२ सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. एका मठात कीर्तन ऐकून रात्री अकराच्या सुमारास मी पाय धुवायला घाटावर उतरलो. चांदणे होते, घाट रिकामा होता. चारपाच पोरे एका होडीपाशी खेळत होती. खेळत होती असे मी म्हणतो, कारण तेव्हा मी मनाला तसेच सांगितले. एकजण दोराची गाठ ओढत होता. दोघे होडीत उभे राहून ती डावीकडे-उजवीकडे झुलवत होते. एकाच्या हातात भला मोठा धोंडा होता, आणि होडीच्या तळावर तो आपटल्याचा धप् धप् आवाज मला स्वच्छ ऐकू आला. मी काय केले? पाय धुतले, वर आलो, आणि मठाकडे चालू लागलो. मनात म्हणालो, आपल्याला काय करायचे? आपण नाम घ्यावे. इतकेच नव्हे, तर असल्या गलबल्यातही माझे नाम सुटले नाही याचे मला थोडे समाधानही वाटले. ते समाधान आठवले की आजही मान खाली जाते.

सकाळी विष्णुपदाला जायला आम्ही दहाबारा जण घाटावर आलो. सातआठ म्हाताऱ्या होत्या, त्यांच्या हातात भाकरीची गाठोडी. ठरवलेली होडी नेमकी तीच निघाली. एक दोर सुटलेला होता. दुसऱ्या दोरावर होडी वळून घाटाच्या पायरीला घासत राहिली होती. तळाला दोन फळ्यांमधला सांधा उघडला होता, त्यातला काथ्या निघाला होता, आत गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी होते. एक वल्हे चिखलात सापडले, दुसरे सापडलेच नाही. होडीवाले मामा वयाने साठीच्या पुढचे. डब्याने पाणी उपसत होते आणि काही बोलत नव्हते.

आम्हीच बोलू लागलो. एक म्हणाला, उशीर होतोय. दुसरा म्हणाला, फडके कोंबा आणि चला. मी तर आपले पांडित्य दाखविले. म्हणालो, "मामा, एवढ्याशा पाण्याने काय होते? पांडुरंग नेईल."

मामांनी डबा खाली ठेवला. म्हणाले, "पांडुरंग नेईल हो म्हाराज. पन ह्या म्हाताऱ्यांस्नी कुठं नेईल, त्ये मला ठावं न्हाई."

यावर बोलणार काय? आम्ही पायी निघालो. ज्यांना चालवेना अशा दोघीजणी गाठोडे मांडीवर घेऊन घाटाच्या पायरीवर बसून राहिल्या. त्यांचे विष्णुपद राहिले. मामांचा तो दिवस बुडाला, आणि सांधा भरून डांबर वाळेपर्यंत पुढचे दोन दिवसही गेले. ऐन हंगामातले तीन दिवस.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणी म्हणेल, संतांनी कुठे कुलपे लावली? तुकोबारायांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. एका शेतकऱ्याने त्यांना शेत राखायला बसविले. पाखरे आली, कणसे खाऊ लागली, आणि बोवांना त्यांना हाकलवेना. शेतकऱ्याने तक्रार केली, पंच बसले. शेवटी पीक मोजले तेव्हा ते नेहमीपेक्षा जास्तच भरले असे महाराष्ट्र सांगतो. मग आपणही तसेच वागावे की काय? बाबांनो, पहिली गोष्ट अशी की ते तुकोबा होते. मी शेत राखायला बसलो असतो तर पाखरेही पोट भरून गेली असती आणि धान्यही गेले असते, वाढले काही नसते. दुसरी गोष्ट, पाखरे भुकेने आली होती. भुकेल्याला हाकलू नये हे खरे. पण रात्री होडीचा तळ फोडणाऱ्याची कोणती भूक भागते? त्याला लाकूड घरी न्यायचे नसते, चुलीत घालायचे नसते. चोराला निदान गरज असते. ह्याला गंमत हवी असते. आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. पाखरांनी कणसे खाल्ली तर त्यात कोणी बुडून मरत नाही.

नाथांच्या दोन कथा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पैठणला गोदावरीत स्नान करून परतताना एकजण त्यांच्या अंगावर थुंकत असे. नाथ रागावत नसत, परत स्नानाला जात. एकशेआठ वेळा असे झाले म्हणतात. ही सहनशीलता. पण तेच नाथ काशीची कावड रामेश्वराला नेत असता तहानेने तडफडणाऱ्या गाढवापाशी थांबले, आणि इतक्या लांबून आणलेले गंगेचे पाणी त्यांनी त्याच्या तोंडात घातले. तिथे 'आपल्याला काय करायचे, आपण नाम घेत पुढे जावे' असे ते म्हणाले नाहीत. स्वतःच्या अंगावर आले ते त्यांनी सोसले. दुसऱ्यावर आले तिथे पाय थांबविला. मी नेमके उलटे केले. दुसऱ्याच्या नुकसानीला मी सहनशीलता दाखविली, आणि सकाळी माझ्या वेळेचा खोळंबा झाला तेव्हा माझी सहनशीलता संपली.

म्हणून मला वाटते, नाव राखणे म्हणजे माणसांवर अविश्वास ठेवणे नव्हे. रात्री घाटाला बांधलेली नाव आपल्याला रिकामी दिसते, पण ती रिकामी नसते. तिच्यात उद्याची माणसे बसलेली असतात. ज्या म्हातारीला मामांनी कधी पाहिलेले नाही, जी रात्री अजून गाडीत पेंगत पंढरपुराकडे येत आहे, तिच्यासाठी ते कुलूप असते. तिचा जीव राखायचा, तर फळी राखली पाहिजे. हा संशय नव्हे, ही सेवा आहे.

राखणीची रीतही मामांकडून मला पुढे कळली, आणि तिच्यातही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. होडी कधी एकटी बांधू नये. चार होड्या अंगाला अंग लावून, उजेड पडेल आणि माणसांचा वावर असेल अशा जागी बांधाव्यात, म्हणजे एकीला हात लावला की चारींना धक्का बसतो. पुढून एक आणि मागून एक असे दोन दोर असावेत. दोराची गाठ कोणीही सोडील, म्हणून जोडीला साखळी, आणि साखळी होडीच्या पक्क्या कडीतून ओवलेली. वल्ही रात्री घरी न्यावीत, कारण वल्ह्यावाचून कोणी होडी नेली तरी फार लांब नेता येत नाही. यंत्राची होडी असेल तर तेलाची टाकी उतरवून ठेवावी. झोपण्यापूर्वी एक फेरी मारावी, आणि पहाटे माणूस बसविण्याआधी तळाला हात लावून पाहावे.

पण एक मेख आहे. ही नदी रात्रीत चढते. उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या दारांतून पाणी सोडले, किंवा नीरेला आलेले पाणी नरसिंगपूरच्या संगमावरून खाली उतरले, की इथल्या पायऱ्या एकामागून एक बुडू लागतात. दोर अगदी आखूड आणि ताठ बांधला असेल तर चढत्या पाण्यात होडीचे टोक खालीच ओढलेले राहते आणि ती भरते. म्हणून दोराला ढील ठेवावी लागते. तसेच कुलपाचे. गंजलेले कुलूप, हरवलेली किल्ली, आणि वरून पाणी आले, तर पोरांपासून वाचवलेली होडी आपणच पुराच्या तोंडी दिली असे होते. मामा कुलपाला तेल देतात आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधून निजतात. मला हे फार पटले. राखण कडक असावी, पण तिचा फास होऊ नये. माणसांविषयीच्या सावधपणाचेही असेच आहे. त्यालाही ढील हवी, आणि वेळेला उघडणारी किल्लीही हवी.

आता त्या पोरांचे काय? कायद्यात अशा खोडीला 'आगळीक' म्हणतात. १८६० च्या दंडसंहितेत ती होती, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेतही आहे. भाडे घेऊन धोक्याच्या नावेत माणसे बसविणाऱ्यालाही कायदा शिक्षा सांगतो. म्हणजे पोरे कायद्यात सापडतात, आणि माझे ऐकून मामांनी होडी सोडली असती तर तेही सापडले असते. सापडत नाही तो फक्त मी. मी काही फोडले नाही, काही सोडले नाही. पाहिले आणि गेलो. कुठल्याही चावडीवर माझ्याविरुद्ध तक्रार लिहून घेणार नाहीत. म्हणूनच माझा हिशेब मलाच करावा लागतो, आणि तो असा की पोरांना उद्याची म्हातारी दिसत नव्हती, कारण ती पोरे होती. मला दिसायला हवी होती, कारण मी तिच्याच वारीतला होतो. कळत्याची चूक मोठी.

पोरांना धरून बडवावे असे कित्येकांना वाटते. मला तसे वाटत नाही. मार खाल्लेले पोर पुढच्या वेळी अधिक अंधार पाहून येते, एवढेच. त्यापेक्षा त्याला एकदा सांधा भरायला बसवावे, काथ्या ठोकताना बोटे दुखू द्यावीत, मग त्याच होडीतून पाण्याच्या मध्यावर न्यावे. पायाखाली एक फळी आणि फळीखाली नदी, हे एकदा कळले की धोंडा उचलताना हात थबकेल. थबकेलच असे मी छातीठोकपणे सांगत नाही. पण करून पाहावे असे वाटते.

तिसऱ्या दिवशी मी घाटावर गेलो. मामा सांध्यात काथ्या ठोकत होते, शेजारी डांबराचा डबा तापत होता. मी बसलो आणि सगळे सांगून टाकले, रात्रीचे पाहणे, धप् धप् आवाज, माझे निघून जाणे. वाटले, रागावतील. रागावले असते तर बरे वाटले असते. ते बराच वेळ ठोकत राहिले. मग मान वर न करताच म्हणाले, "म्हाराज, पोरांस्नी धरायचं न्हवतं, मारायचं न्हवतं. नुसतं 'कोन हाय रं तिकडं?' म्हनला असता तरी पुरं व्हतं."

एवढेच. चार शब्द. माझ्या जिभेवर त्या वेळी देवाचे नाव होते, आणि हे चार शब्द तिथे मावले नाहीत.

तेव्हापासून रात्री घाटावर उतरलो आणि होड्यांपाशी हालचाल दिसली की मी हाक घालतो, "कोण आहे रे तिकडे?" बहुतेक वेळा कुत्रे असते. कधी कोणी वारकरी कपडे पिळत असतो, तो म्हणतो, "मीच हाय माऊली." त्याला राग आलेला मी अजून पाहिला नाही. मी रामकृष्णहरि म्हणतो, तोही म्हणतो, आणि मी पाय धुवायला खाली उतरतो.