फटीतला भुसा

सांध्यात फट राहिली तर काय करायचं, याचं उत्तर मला सुतारकाम सुरू केल्यावर पहिल्याच महिन्यात सापडलं होतं. करवतीखाली पडलेला बारीक भुसा घ्यायचा, त्यात पांढरा गोंद कालवायचा, कणकेसारखा लगदा झाला की बोटाने फटीत दाबायचा आणि रात्रभर वाळू द्यायचा. सकाळी वरून पॉलिश पेपर फिरवला की फट नेमकी कुठे होती, ते मलाही शोधावं लागायचं. भुसा त्याच लाकडाचा, त्यामुळे रंगही जवळपास जुळायचा. ही युक्ती मी पुढे बऱ्याच ठिकाणी वापरली. तिच्याबद्दल लिहायचं कारण, तिच्यामुळे माझी आई पडली.

आमच्या ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या बाजूला जेमतेम एक माणूस वाकून काम करू शकेल एवढी जागा आहे. तिथे मी एक जुनं टेबल लावलं. एक करवत, अर्ध्या आणि पाऊण इंचाच्या दोन पटाश्या, छोटा रंधा, दोन क्लॅम्प आणि गुण्या. गुण्या म्हटलं की आपल्याला कंपासपेटीतले प्लास्टिकचे त्रिकोण आठवतात. सुताराचा गुण्या म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन पट्ट्या. शाळेत कधी कळला नाही इतका काटकोन मला या लोखंडी गुण्याने शिकवला, कारण इथे अर्ध्या अंशाची चूक वहीत राहत नाही, टेबल डगमगतं. लाकूड म्हणाल तर वखारीतून आणलेली, पॅकिंगची खोकी मोडून निघालेली पाइनची फळकुटं. मऊ, स्वस्त, आणि चुकलं तरी जीव हळहळत नाही असं.

आईचे गुडघे दुखतात. ओट्यापाशी उभं राहून पोळ्या करणं तिला जड जायला लागलं, म्हणून मी तिच्यासाठी दोन फूट उंचीचं स्टूल करायला घेतलं. चार पाय, त्यांना जोडणाऱ्या चार आडव्या पट्ट्या, वर बैठक. पट्टीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून बारीक करायचं, पायात पटाशीने तेवढंच भोक पाडायचं आणि टोक भोकात बसवायचं. मॉर्टिस-टेनन म्हणतात तो हाच सांधा. साधा हिशोब असा, की टोकाची जाडी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवायची. त्याहून जाड ठेवलं तर भोकाच्या भिंती कमजोर होतात, बारीक ठेवलं तर टोकच मोडतं. टोक भोकात हाताने दाबून जावं, हातोडी लागू नये आणि नुसतं सोडलं तर पडूही नये. वाचायला हे सोपं आहे.

माझ्या आठ सांध्यांपैकी तीन ढिले झाले. कारण अगदी नवशिक्याचं होतं. मी पेन्सिलने रेघ मारली आणि करवत थेट रेघेवरून चालवली. पेन्सिलच्या रेघेला जाडी असते, करवतीच्या पात्यालाही असते. म्हणून रेघ धारदार सुरीने मारायची असते आणि करवत तिच्या बाहेरच्या, टाकून द्यायच्या बाजूने चालवायची असते. उरलेला केसभर भाग मग पटाशीने तासायचा. मी घाई केली आणि दोन्ही बाजूंनी मिळून मिलीमीटरभर लाकूड जास्त गेलं. टोक भोकात लुटुलुटु हलायला लागलं. याला रीतसर इलाज आहे. टोकाच्या गालावर लाकडाची पातळ चकती चिकटवायची, वाळली की पुन्हा तासून माप जुळवायचं. किंवा सरळ नवी पट्टी करायची. पण रविवारची संध्याकाळ झाली होती आणि सोमवारी सकाळी स्टूल ओट्यापाशी ठेवायचं मी ठरवून टाकलं होतं. मी भुशाचा लगदा भरला.

पांढरा गोंद, म्हणजे आपण ज्याला सरसकट फेविकॉल म्हणतो तो प्रकार, लाकडाला लाकूड घट्ट टेकलेलं असेल तर कमालीचा पकडतो. नीट बसलेला सांधा जोर लावून तोडला तर अनेकदा गोंदाआधी लाकूडच फाटतं. मात्र त्याला पातळ थर आणि दाब लागतो. मोकळ्या फटीत तो नुसताच वाळतो. भुसा घातला की फट भरल्यासारखी दिसते, ताकद येत नाही. त्यात लाकूड स्वस्थ बसणारी वस्तू नाही. पावसाळ्यात हवेतली ओल पिऊन ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. जुलैत दार चौकटीत अडकतं आणि मार्चमध्ये त्याच दाराखालून वारा येतो, तो याच कारणाने. मी स्टूल केलं ऐन श्रावणात. सगळं लाकूड फुगलेलं होतं. स्टूल दगडासारखं घट्ट उभं राहिलं. आईने शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. मी कौतुक ऐकून घेतलं.

फेब्रुवारीत एक दिवस आई म्हणाली, "अगं, हे कुरकुरतंय."

मी फोनवर काहीतरी बघत होते. मान वर न करता म्हणाले, "नवीन लाकूड आहे ना, बसेल हळूहळू."

हे वाक्य मी नंतर कितीतरी वेळा आठवलं आहे. लगदा भरताना मी खोटं वागले होते का, यावर मी माझ्या बाजूने थोडाफार वाद घालू शकते. तेव्हा मला खरंच वाटलं होतं की टिकेल. गोंदाचं हे शास्त्र मला नंतर कळलं, अज्ञानाला खोटेपणा म्हणता येत नाही. पण कुरकुर ऐकली तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार त्या तीन सांध्यांचाच आला होता. डाव्या बाजूचे दोन आणि मागचा एक. मला ते पाठ होते. एवढं असून मी नव्या लाकडाची गोष्ट सांगितली, आणि ती सांगायला मला क्षणभरही थांबावं लागलं नाही.

एप्रिलमध्ये डावीकडची पट्टी सुटली, पाय फाकला आणि आई खाली आली. ओट्याची कड हातात सापडली म्हणून थोडक्यात निभावलं. कोपर खरचटलं, मांडीवर काळानिळा डाग पडला, कणकेची परात पालथी झाली. मी धावत गेले तर ती जमिनीवर बसून म्हणाली, "माझंच वजन वाढलंय गं. तू एवढं छान केलं होतंस, मी मोडलं."

आई पडली याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त मला हे वाक्य लागलं. वस्तूतली खोट झाकली तरी वस्तू मोडल्यावर कुणीतरी दोषी धरला जातोच, आणि खोट दिसत नसेल तर वापरणारं माणूस स्वतःकडेच बोट दाखवतं. माझ्या मिलीमीटरची शिक्षा आई स्वतःच्या वजनाला देत होती.

स्टीव्ह जॉब्सच्या चरित्रातली एक गोष्ट तुमच्या फोनवर कधीतरी येऊन गेली असेल. त्याचे वडील सांगायचे, की कुंपण किंवा कपाट करताना, कुणाला दिसणार नाही ती मागची बाजूही नीट करावी. गोष्ट छान आहे. मलाही आवडायची. पण आता वाटतं, ती करणाऱ्याच्या स्वाभिमानाची गोष्ट आहे. कपाटाची मागची फळी खडबडीत राहिली तर कुणी पडत नाही. मी जे केलं त्याचा माझ्या स्वाभिमानाशी फारसा संबंध नाही. संबंध आहे तो आईला काय माहीत असायला हवं होतं, याच्याशी.

म्हणजे काहीच झाकू नये का? मी मोडलेलं स्टूल घेऊन वखारीशेजारी बसणाऱ्या मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांनी सुटलेली पट्टी ओढून काढली, तर माझ्या भुशाची अख्खी वडी टेबलावर पडली, खोबऱ्याच्या वडीसारखी. ते हसले नाहीत, याचं मला जास्त ओशाळं वाटलं. म्हणाले, "लांबी वरून भरायची असते ताई, सांध्यात नाय." लांबी म्हणजे रंगारी-सुतार फटी बुजवायला वापरतात ती पुट्टी. ते स्वतः रोज भरतात. खिळ्याचं डोकं आत ठोकून वर लांबी, गाठीपाशी लाकडाला खड्डा पडला तर लांबी, प्लायच्या कडेला लांबी. गिऱ्हाइकाला गुळगुळीत हवं असतं आणि त्यात कुणाची फसवणूक होत नाही. खिळ्याचं डोकं कुठे आहे हे कळल्याने कुणी खुर्चीवर वेगळ्या तऱ्हेने बसत नाही.

यातून मला एक कसोटी मिळाली. झाकलेली गोष्ट कळली असती तर समोरचं माणूस वेगळं वागलं असतं का? नसतं, तर ती सजावट. असतं, तर मी त्याच्या वतीने एक निर्णय परस्पर घेऊन टाकला आहे. कसोटी अगदी बिनचूक नाही. माणूस कशाने वेगळं वागलं असतं, हे ठरवणारीही मीच, आणि मला सोयीचं उत्तर पटकन सुचतं, हे मी वर कबूल केलंच आहे. तरी ड्राय बाल्कनीत उभं असताना एवढी कसोटी पुरते.

मी काकांना म्हटलं, पण भरून टाकायचा मोह तुम्हाला होत नाही का, घाईच्या वेळी? त्यांनी रंध्याचं पातं काढून पुसलं आणि म्हणाले, "मोडलं तर माझ्याच दारात येतात ना घेऊन."

माझ्या दारात कोण येणार? हौशी माणसाबद्दल आपण नेहमी चांगलंच बोलतो. त्याला पैशाची घाई नसते, तो प्रेमाने करतो वगैरे. काकांना रोजावर काम उरकावं लागतं आणि माझ्याकडे वर्षाचे बावन्न रविवार आहेत, म्हणजे खरं तर सबब त्यांच्याकडे जास्त होती. पण त्यांचं गिऱ्हाईक भांडतं. माझ्या वस्तू घेणारी माणसं म्हणजे आई, मावशी, एखादी मैत्रीण. भेट म्हणून दिलेल्या वस्तूची तक्रार कोण करतं? फार तर "कुरकुरतंय" एवढं म्हणतात, तेही हलक्या आवाजात.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मधला सुतार बऱ्याच जणांना माहीत असतो. दहाव्या भागात पलंग करणारा सुतार आणि पलंगाचं चित्र काढणारा चित्रकार यांची तुलना आहे. त्याच्याच थोडं पुढे आणखी एक मुद्दा येतो, त्याची चर्चा कमी होते. वस्तू चांगली की वाईट, हे खरं वापरणाऱ्याला कळतं, असं तिथे म्हटलं आहे. उदाहरण बासरीचं आहे. बासरी वाजवणारा करणाऱ्याला सांगतो आणि करणाऱ्याने ते ऐकून घ्यायचं. कॉलेजात हे वाचलं तेव्हा मी ही ओळ ओलांडून चित्रकाराच्या भांडणाकडे गेले होते. आईला पटाशी कशी धरतात हे माहीत नाही, पण सहा महिने रोज तासभर ती त्या स्टुलावर बसली होती. त्या स्टुलाबद्दल घरात सगळ्यात जास्त तिला कळत होतं. तिने येऊन सांगितलंही. आणि सगळ्यात कमी कळणाऱ्या बाईने, म्हणजे मी, तिची समजूत घातली.

आईला खरं सांगायला मला चार दिवस लागले. रोज तिच्या कोपराला मलम लावत होते आणि रोज उद्यावर ढकलत होते. शेवटी भाजी निवडताना सांगून टाकलं. फट, भुसा, गोंद, फेब्रुवारी, सगळं. मला वाटलं ती चिडेल, किंवा आया म्हणतात तसं "जाऊ दे" म्हणेल. तिने गवारीची शेंग मोडली आणि विचारलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस? मी भिंतीला लावून बसले असते की."

नव्या स्टुलाला मला सहा रविवार लागले. चारही पट्ट्या नव्याने केल्या, सुरीने रेघा मारून. गोंद लावायच्या आधी सगळे सांधे कोरडे जोडून पाहिले, दोन टोकं ढिली वाटली ती बाजूला टाकून पुन्हा केली. तरी उजव्या मागच्या पायापाशी वरच्या अंगाला केसभर फट राहिली. आत टोक घट्ट आहे, भोकाची कड तासताना पटाशी घसरली होती, एवढंच. काकांनी पाहून सांगितलं, याने काही होत नाही, हवं तर भर. माझ्या कसोटीप्रमाणेही भरायला हरकत नव्हती. मी ती तशीच ठेवली आणि आईला बोट लावून दाखवली.

आता ती स्टूल त्या पायाची बाजू भिंतीकडे करूनच ठेवते. घरी कुणी आलं आणि मी केलेल्या स्टुलाचं कौतुक करायला लागलं, की पोळी लाटता लाटता आई आधी त्यांना वाकायला लावते आणि म्हणते, "थांबा, इथे एक फट आहे, ती बघा."