नांगर उचलण्यापूर्वी

युद्धावर निघालेल्या खलाशाने घरच्यांना काय सांगावे आणि काय सांगू नये, हा प्रश्न वरवर लष्करी शिस्तीचा दिसतो. आमच्या मते तो त्याहून अधिक नीतीचा आहे. एका बाजूला आईला व बायकोला खरे सांगण्याचे कर्तव्य, तर दुसऱ्या बाजूला त्याच बोटीवरील सोबत्यांच्या जिवाची जबाबदारी. दोहोंचा मेळ कसा घालावा?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आरमाराने ह्याचे उत्तर पत्त्यातच देऊन ठेवले होते. पॅसिफिक महासागरातील खलाशाला पत्र लिहावयाचे तर त्याचे नाव, बोटीचे नाव आणि 'फ्लीट पोस्ट ऑफिस, सॅन फ्रान्सिस्को' एवढेच लिहावयाचे. बोट कोठे आहे हे त्यावरून कोणास कळत नसे. खलाशाचे पत्र अधिकारी आधी वाचीत आणि ठिकाण वा हालचालीचा मजकूर आढळला तर कापून टाकीत. पण ह्याच सरकारने १९४२ च्या जूनमध्ये 'व्ही-मेल' सुरू केली. पत्रांचे लहान फोटो फिल्मवर घेऊन फिल्म पाठवावयाची व पलीकडे ती पुन्हा कागदावर छापून द्यावयाची. ३७ पोत्यांची टपाल एका पोत्यात मावू लागली. ठिकाण लपवावे, पण माणूस घरच्यांपासून तुटू देऊ नये, असाच ह्याचा अर्थ नव्हे काय?

आता निघण्याच्या आदल्या रात्री खलाशाने आईला टेलिफोनवर "मी कुठेच जात नाही, काळजी करू नकोस" असे सांगितले तर ते पाप काय? शांततेसाठी शब्द बदलण्याची मुभा आपल्या हाखामांनी दिली आहे. सारा हसली तेव्हा तिने नवऱ्याला म्हातारे म्हटले होते. परमेश्वराने अब्राहामाला तेवढे सांगितले नाही. तरीही आम्हांस वाटते की "सांगता येत नाही" हे शब्द अधिक चांगले. खोटा दिलासा एकदा उघडा पडला की पुढच्या प्रत्येक पत्रातील "मी खुशाल आहे" वर आईचा विश्वास बसत नाही, आणि पत्रातला जीवच जातो.

ह्याहून मोठी गोष्ट शमुएलच्या पहिल्या पुस्तकात, १७ व्या अध्यायात आहे. इशायाचे तीन मुलगे लढाईवर होते. त्याने धाकट्या दावीदाबरोबर भाजलेले धान्य व दहा भाकरी पाठविल्या आणि भावांची खुशाली विचारून त्यांच्याकडून खूण आणावयास सांगितले. साध्या अर्थाने ही जिवंतपणाची खूण. पण तलमूदमध्ये हाखाम तिचा निराळा अर्थ लावतात. दावीदाच्या घराण्याच्या युद्धावर जाणारा प्रत्येक जण बायकोला गेट, म्हणजे फारकतपत्र, लिहून देत असे. प्रेम आटले म्हणून नव्हे. राशी सांगतात की तो मेला तर ती अडकून राहू नये म्हणून.

समुद्रावर ही अडचण फार कठीण होते. अथांग पाण्यात माणूस नाहीसा झाला आणि मृत्यूचा साक्षीदार नसला, तर शास्त्राने बायको अगुना राहते. नांगराला हिब्रूत 'ओगेन' म्हणतात, त्यात मुळाक्षरे तीच. हाखाम निष्ठुर होते असे नव्हे. फुटलेल्या बोटीची फळी धरून रब्बी अकिवा जिवंत परत आले, हे त्यांनी पाहिले होते. आपल्या परंपरेप्रमाणे नौगावच्या किनाऱ्याला लागलेले आपले पूर्वजही मागे राहिलेल्यांच्या लेखी बुडालेलेच असतील.

इस्राएलला हा प्रश्न लवकरच भेटला. ब्रिटनकडून घेतलेली 'दाकार' पाणबुडी ९ जानेवारी १९६८ रोजी पोर्ट्समथहून हैफाकडे निघाली. ती लढाईवर नव्हती, घरी येत होती. २५ जानेवारीला तिचा संपर्क तुटला. तिच्यावर ६९ जण होते. सैन्याचे मुख्य रब्बी श्लोमो गोरेन ह्यांनी खलाशांच्या पत्नींना पुनर्विवाहास मोकळे केले. पाणबुडीचे अवशेष मात्र १९९९ च्या मे महिन्यात, ३१ वर्षांनी सापडले. तोवर किती आईबापांनी दाराकडे पाहत दिवस काढले असतील!

म्हणून आमचे मत असे की घरच्यांचा हक्क बातमीवर नाही, त्यांना अधांतरी न ठेवण्यावर आहे. निघणाऱ्याने ठिकाण व तारीख खुशाल झाकावी. पण मृत्युपत्र, देणेघेणे, मुलांची सोय ह्यांचा निकाल लावून जावे, आणि दोन ओळी का होईना, लिहाव्या. हे अशुभ बोलणे नव्हे, मागे राहणाऱ्यावरची माया आहे.

आणि घरच्यांचेही कर्तव्य आहे. आज आपली नातवंडे सैन्यात व आरमारात आहेत, आणि मोहिमेआधी त्यांचे मोबाइल बंद होतात. अशा वेळी "कुठे जातोस?" म्हणून त्यांना पेचात पाडू नये. तो सांगू शकत नाही ते विचारू नये, आणि तो लिहू शकतो ते लिहावयास त्याला वेळ द्यावा. इशायानेही मुलांना लढाईची बातमी विचारली नाही. त्याने भाकरी पाठविली आणि खुशालीची खूण मागितली.