सोडून दिलेला मासा

ज्याला आपणच संकटांत लोटलें, त्याची त्या संकटांतून सुटका केली तर तिला दया म्हणावें काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गांत विचारला तर कोणीही विद्यार्थी क्षणाचा विलंब न लावतां ‘नाहीं’ असें उत्तर देईल. परंतु वर्गांतील उत्तर व आचरणांतील उत्तर यांची गांठ क्वचितच पडते. आम्हीं स्वतः या प्रश्नाचें उत्तर एकदां वर्गाबाहेर, एका लहानशा होडींत बसून दिलें, आणि तें चुकलें. तें कसें चुकलें हें सांगावें व त्या निमित्तानें मूळ प्रश्नाचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं सप्टेंबर महिन्यांत आम्ही आयर्लंडमध्यें होतों. आमचा एक जुना विद्यार्थी तेथें डॉक्टर आहे. शॅनन नदी समुद्राकडे जातां जातां जीं मोठीं सरोवरें निर्माण करते त्यांपैकीं लॉख डर्ग हें एक. त्याच्या कांठीं सुटीचे दिवस घालविण्याचा या गृहस्थाचा परिपाठ. त्याला मासे धरण्याचा नाद आहे, आणि तोही एकाच जातीचे: पाइक नांवाचे. आपल्या भाषेंत पाईक म्हणजे धन्याचा चाकर. हा पाइक मात्र कोणाचाही चाकर नव्हे. त्याचें इंग्रजी नांव भाल्यावरून पडलें आहे व तें त्याला शोभतें. लांबट हिरवट अंगावर फिकट पिवळे ठिपके, बदकाच्या चोचीसारखा चपटा जबडा, आणि त्यांत मागें वळलेले दांत. पाठीवरचा पर अगदीं शेपटाजवळ असल्यामुळें तो पाणवनस्पतींच्या आडोशाला निश्चल राहून एकाच झेपेंत भक्ष्य गांठतो. मासे, बेडूक, बदकांचीं पिलें, इतकेंच काय, स्वजातीचे लहान मासेही त्याला वर्ज्य नाहींत. इझॅक वॉल्टननें १६५३ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत त्याला गोड्या पाण्यांतील जुलमी राजा ठरविलें आहे. या जातींत मादी नराहून पुष्कळ मोठी होते. १९८६ सालीं जर्मनींत गळास लागलेला एक पाइक सुमारें २५ किलोग्रॅम वजनाचा होता.

त्याला धरण्याची रीत अशी: होडी वाऱ्यावर हळूहळू वाहूं द्यावयाची, लव्हाळ्यांच्या कडेनें पत्र्याचा चकाकणारा चमचा फेंकावयाचा, आणि तो जखमी माशासारखा हेलकावत ओढून आणावयाचा. चमच्याच्या मागें तीन टोंकांचा गळ लपलेला असतो, व दोरीच्या अखेरीस पोलादी तार असते. कारण साधी दोरी पाइकचे दांत सहज कापतात. आमच्या विद्यार्थ्यानें सकाळींच हातभर लांबीहून मोठा एक पाइक होडीशीं आणला. आम्हीं सहज विचारलें, “कालवण करणार ना रे याचें?” तो हंसून म्हणाला, “सर, हा घरीं नेतां येत नाहीं. पन्नास सेंटिमीटरहून मोठा पाइक मारायचा नाहीं असा कायदा आहे.” आयर्लंडमध्यें २००६ सालीं झालेला हा नियम खराच आहे, त्याहून लहान पाइकही दिवसास एकच ठेवतां येतो. मोठ्या माद्याच पुष्कळ अंडीं घालतात, म्हणून त्यांना जपावयाचें. त्यानें चिमट्यानें गळ काढला, मासा पाण्यांत धरला, आणि एका फटकाऱ्यासरशीं तो दिसेनासा झाला.

आमचें बालपण मालवणजवळच्या एका खाडीच्या कांठीं गेलें. गळ टाकून मासे धरण्याला तिकडे ‘गरवणें’ म्हणतात, आणि आम्हीं लहानपणीं पुष्कळ गरवलें आहे. परंतु धरलेला मासा पुन्हां पाण्यांत सोडावा हें आमच्या स्वप्नांतही आलें नसतें. एकदां आम्हीं एक बोटाएवढा मासा दोरीला बांधून पाण्यांत इकडेतिकडे पोहवीत बसलों होतों. आजीनें तें पाहिलें आणि आमच्या पाठींत धपाटा घातला. “खायचा असला तर घरांत आण, नाहींतर त्याच्या वाटेस जाऊं नकोस,” एवढेंच ती म्हणाली. त्या वाक्यांत नीतिशास्त्र आहे अशी शंका आम्हांस त्यानंतर चाळीस वर्षें आली नाहीं.

दुपारीं विद्यार्थ्यानें काठी आमच्या हातीं दिली. दहावीस वेळां चमचा रिकामाच परत आला. आणि मग पाण्याखालीं कोणी दार आपटावें तसा हिसका बसला. पुढचीं पांच मिनिटें आम्हांस आमचें वय आठवलें नाहीं, पेशा आठवला नाहीं. दोरी करकरत होती, काठी वांकली होती, आणि त्या धडपडीची प्रत्येक लहर आमच्या मनगटांतून वर चढत होती. तो आनंद होता, हें येथें लपविण्यांत अर्थ नाहीं. मासा होडीशीं आला तेव्हां विद्यार्थ्याचा चेहरा बदलला. गळाचें एक टोंक कल्ल्यांत रुतलें होतें. चिमटा आंत घालून तें काढतां काढतां बराच वेळ गेला, आणि पाणी तांबूस होऊं लागलें. “मारून टाकावा का?” आम्हीं विचारलें. “नाहीं सर, हा मोठा आहे. सोडावाच लागेल.” मग आम्हीच होडीबाहेर वांकून त्याला दोन्ही हातांनीं पाण्यांत उभा धरला. त्याचे कल्ले कांहीं वेळानें हलूं लागले. हात सैल केले तेव्हां तो गेला. पण सकाळच्या माशासारखा गेला नाहीं. एका कुशीवर कलत तो सावकाश काळ्या पाण्यांत उतरला. “जगेल, सर, बहुतेक जगतात,” विद्यार्थी म्हणाला. तो जगला कीं मेला हें आम्हांस कधींही कळणार नाहीं. परंतु त्या क्षणीं आमच्या मनांत जो भाव उमटला तो खेदाचा नव्हता. आपल्या हातून एका जीवाला अभय मिळालें, असें एक सुखद समाधान आम्हांस वाटलें. आमचें चुकलेलें उत्तर तें हेंच.

या समाधानाचा दावा कितपत खरा आहे, हें आतां पाहूं. सोडून देण्याच्या पक्षाला बोलण्यासारखें पुष्कळ आहे, आणि आमच्या विद्यार्थ्यानें तें त्या रात्रीं चांगलें मांडलें. तो मासा मारीत नाहीं. गळ वरवर लागला व लवकर निघाला, तर बहुतेक पाइक जगतात, हेंही खरें आहे. शिवाय सरोवराची काळजी वाहणारे लोक हेच. ट्राउट माशांच्या रक्षणासाठीं तेथील कांहीं सरोवरांतून पाइक जाळीं लावून काढले गेले, तेव्हां त्याविरुद्ध आवाज उठविला तो पाइक धरणाऱ्यांनींच. आम्ही राहतों त्या पुण्यांत मुठेच्या पुलावरून रोज हजारों लोक जातात. त्यांतील कित्येकांनीं जन्मांत मासा मारलेला नाहीं. पण नदीचें गटार झालें त्याचें दुःख त्यांच्या अहिंसेला झालें नाहीं. निष्पाप हातांनीं पाठ फिरविण्यापेक्षां गळ धरलेल्या हातांनीं पाण्याची राखण केलेली बरी, या म्हणण्याला आमच्याजवळ सोपें उत्तर नाहीं.

परंतु हींच कृति दुसऱ्या देशांत अपराध ठरते. जर्मनीच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणें सयुक्तिक कारणावांचून कोणत्याही प्राण्याला वेदना देतां येत नाहींत, आणि केवळ मौजेखातर मासा धरून सोडणें हें असें कारण मानलें जात नाहीं. स्वित्झर्लंडमध्यें तर सोडून देण्याच्याच हेतूनें मासा धरण्यास २००९ पासून मनाई आहे. आयर्लंड म्हणतें, सोडला नाहींस तर दोषी. स्वित्झर्लंड म्हणतें, सोडण्यासाठीं धरलास तर दोषी. हे दोन कायदे परस्परविरुद्ध दिसतात, पण वस्तुतः ते दोन निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें देतात. पहिला कायदा सरोवराकडे पाहतो: त्यांतील माशांचें कूळ टिकावें. दुसरा एका माशाकडे पाहतो: त्याला विनाकारण छळूं नये. कुळाचें रक्षण केलें म्हणून व्यक्तीचा छळ क्षम्य होतो असें मनुष्यांच्या बाबतींत आपण कधींच म्हणत नाहीं.

माशाला वेदना होतात काय, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. मनुष्याच्या मेंदूंत वेदनेची जाणीव ज्या बाह्य थरावर अवलंबून असते तो माशाला नाहीं, म्हणून त्याला जाणीव नाहीं, असें कांहीं शास्त्रज्ञ मानतात. उलट २००३ सालीं लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ट्राउट माशांच्या ओंठांत मधमाशीचें विष व आम्ल टोंचून पाहिलें. तेव्हां त्या माशांचा श्वास वाढला, त्यांचें खाणें लांबलें, आणि आम्ल टोंचलेले मासे तर ओंठ खड्यांवर घासूं लागले. आम्ही या विषयाचे अधिकारी नाहीं. परंतु जेथें शंका आहे तेथें तिचा फायदा कोणाला द्यावयाचा, हें ठरवायला प्रयोगशाळा लागत नाहीं. आणि येथें शंकेच्या एका बाजूस आपली करमणूक आहे व दुसऱ्या बाजूस त्याचा जबडा.

आमच्या सुखद समाधानाचें खरें रूप आम्हांस एका देशी प्रथेवरून कळलें. पारध्यानें धरलेलीं पांखरें पैसे देऊन सोडवावयाचीं व पुण्य जोडावयाचें, ही चाल आपल्याकडे व बौद्ध देशांतही जुनी आहे. सोडविणाऱ्याचा हेतु शुद्ध असतो. पण पांखरें विकलीं जातात म्हणूनच पारधी दुसऱ्या दिवशीं पुन्हां फांसे मांडतो. तेथें निदान पारधी व पुण्यवान अशीं दोन माणसें असतात. होडींत तीं दोन्ही सोंगें एकाच माणसानें घेतलेलीं असतात. तोच फांसा मांडतो आणि तोच अभय देतो. घेतलेलें कर्ज फेडणें हें कर्तव्य आहे, त्यास कोणी दान म्हणत नाहीं. गळ काढून मासा सोडणें हें फेडीसारखें आहे. आणि आमच्या माशाच्या बाबतींत तर ती फेडही पुरी झाली नसावी. तो कदाचित् मेला असेल, आणि मेला असला तर कोणाच्याही पानांत न पडतां मेला.

येथें वाचक आम्हांस अडवील. खाण्यासाठीं मारणारा कोणता मोठा साधु? त्याच रात्रीं विद्यार्थ्याच्या घरीं सामन माशाचा बेत होता, व आम्हीं तो आवडीनें खाल्ला. आम्हांस त्यावांचून उपास घडला नसता. जाळ्यांत सांपडलेला मासा पाण्याबाहेर तडफडून मरतो, तें मरण गळाच्या टोंचणीहून लहान नाहीं. मग भेद कोठें? आम्हांस तो एका ठिकाणीं दिसतो. कोळ्याच्या जाळ्यांतील मासा मुळींच धडपडला नाहीं, तर कोळ्याला आनंदच होईल. त्याला मासा हवा आहे, धडपड नको. परंतु गळाला लागलेला पाइक लांकडाच्या ओंडक्यासारखा मुकाट्यानें होडीपर्यंत आला, तर खेळणाऱ्याचा दिवस फुकट गेला. त्याला मासा नको आहे, धडपडच हवी आहे. एकाच्या बाबतींत वेदना ही वाटेंत येणारी गोष्ट, दुसऱ्याच्या बाबतींत तीच मुक्काम. या भेदानें पहिला निर्दोष ठरत नाहीं. पण दुसऱ्याला दयाळू म्हणण्याची सोय मात्र उरत नाहीं. आपला खेळ होतो आणि दुसऱ्याचा जीव जातो, हें आपण लहान मुलांना बेडकांच्या गोष्टीवरून शिकवितों. जीव न घेतां तोच खेळ करतां येतो, अशी सोय काढल्यानें त्या गोष्टीचें तात्पर्य बदलत नाहीं.

मागील महिन्यांत विद्यार्थ्याचें पत्र आलें. हल्लीं तो तीन टोंकांचा गळ वापरीत नाहीं. आंकडा नसलेला साधा एकटोंकी गळ वापरतो, आणि चिमटा हाताशीं घेतल्याशिवाय होडी सोडीत नाहीं. शेवटीं त्यानें विचारलें आहे, “सर, आतां तरी चालेल ना?” अपराध लहान करण्याची ही धडपड आम्हांस मनापासून आवडली, आमच्यापाशीं तर तेवढीही नव्हती. म्हणून त्याला आम्ही एवढेंच कळवीत आहों, कीं हें पूर्वींपेक्षां बरें आहे, पण यास पुण्य म्हणूं नकोस. पुढच्या खेपेस आम्ही आलों, तर तुझ्या होडींत अवश्य बसूं. मात्र काठीऐवजीं वल्हें आमच्या हातीं दे.