अमानत आणि मालकाचे हात

अमानत सांभाळणाऱ्याने कसे वागावे, हे आमच्या घरात लहानपणापासून कानावर पडते. पैगंबरांना मक्केतले लोक ‘अल-अमीन’, म्हणजे विश्वासू, म्हणत. 622 मध्ये मदिनेला निघताना त्यांनी हजरत अलींना मागे ठेवले, ते लोकांच्या ठेवी ज्याच्या त्याला परत करायला. मला प्रश्न पडतो तो दुसऱ्या बाजूचा. अमानत ठेवून गेलेल्या मालकावर काही बंधन आहे की नाही?

आमच्या गावी, तुडीलला, दादीच्या खोलीत पत्र्याची पेटी असे. जहाजावर किंवा कुवेतला निघालेली माणसे तिच्यात जमिनीचे कागद, बायकोच्या पाटल्या ठेवून जात. घरात निकाह असला तरी दादीने त्यातली पाटली कधी हातात घातली नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. शाफई फिक्ह, म्हणजे आमचा धर्मकायदा, नुसती सांभाळायला दिलेली आणि वापरायला दिलेली वस्तू वेगळी मानते. सांभाळायला दिलेली वस्तू हलगर्जीपणा नसताना गेली तर भरपाई नाही. वापरायला नेलेली वस्तू ठरल्या वापरात झिजली तर चालते. एरवी गेली तर भरून द्यायची. मालक दोन्ही केव्हाही परत मागू शकतो. म्हणजे सगळा हिशेब घेणाऱ्याचाच.

देणाऱ्याचा हिशेब मला नोकरीने शिकवला. मी पुण्यात नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर लिहितो. कार्ड प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहिते, त्याला डीएमए म्हणतात. प्रोग्रामला 64 केबीचा बफर सलग दिसतो, पण खऱ्या मेमरीत तो 4,096 बाइटच्या 16 पानांत विखुरलेला असू शकतो. सुरुवात पानाच्या मधूनच झाली तर 17. या पानांची यादी करावी लागते. विंडोजमध्ये ती मेमरी डिस्क्रिप्टर लिस्ट, लिनक्समध्ये स्कॅटर-गॅदर लिस्ट.

यादी देण्याआधी पाने खिळवून ठेवायची, म्हणजे कर्नल ती मध्येच हलवणार नाही किंवा दुसऱ्याला देणार नाही. मग बफर मॅप करायचा, म्हणजे कार्डाला वापरता येतील असे त्याचे पत्ते मिळवायचे. त्या क्षणापासून बफर कार्डाच्या ताब्यात. मेमरी आपली, यादी आपण केलेली, तरी आत डोकावायचे नाही. आमच्या टीममधला एक मुलगा डोकावला. काम पुरे व्हायच्या आत त्याने पहिले काही बाइट वाचले. टेबलावरच्या इंटेल मशिनवर सगळे सुरळीत. तोच कोड एआरएमच्या बोर्डावर चढवला, तर पॅकेटचे पहिले 64 बाइट जुनेच. त्या बोर्डाची कॅश, म्हणजे प्रोसेसरची जवळची साठवण, मेमरीशी आपोआप जुळत नव्हती. त्याच्या घाईने जुनी ओळ कॅशमध्ये येऊन बसली होती. नियम दोन्हीकडे तोच. एका मशिनने तो मोडलेला दाखवला नाही, एवढेच.

परत घेण्यातही शिस्त आहे. मॅप करताना आयओएमएमयू, म्हणजे कार्डाचे पत्ते खऱ्या मेमरीशी जुळवणारी यंत्रणा, लागोपाठची पाने जोडून 17 नोंदींच्या 5 करू शकते. कार्डाला त्या 5 सांगायच्या, पण लिनक्समध्ये अनमॅप करताना आकडा 17 चाच द्यायचा. आपण जेवढे दिले तेवढे मोजून घ्यायचे. वाटेत त्याची मोट कशी बांधली गेली, तो आपला हिशेब नव्हे. आणि काम अर्ध्यात थांबवायचे असेल तर आधी कार्डाला थांबवायचे, ते थांबल्याची खात्री करायची, मग बफर घ्यायचा. मालकाचा परत मागण्याचा हक्क इथेही शाबूत आहे. पण परत मागणे वेगळे आणि दुसऱ्याच्या हातात असताना गुपचूप हात घालणे वेगळे.

हे खुदाला लावायला मी धजत नाही. आपला जीव, माल, औलाद त्याची अमानत, असे आम्ही मानतो. पण आमचे अशअरी उलेमा म्हणतात की माणसाची कृतीही तोच निर्माण करतो, माणूस ती फक्त कमावतो. त्याचा हात कधी बाजूला होतच नाही. ड्रायव्हरच्या नियमांनी त्याला बांधणे हा उद्धटपणा होईल.

माणसांना मात्र ते पुरेपूर लागू पडते. आमच्या खाडीपट्ट्यात आखातातून फोन येतात: शेत भावाला कसायला दिलेले, आणि भात कधी लावायचे, कोणता आंबा तोडायचा, हे रोज तिकडून. भावाने केलेल्या कामावर न विचारता दुसरा गडीही लावतात. मग पीक बुडाले की भावाला बेइमान म्हणतात. माझ्या मते अशा भावाकडून भरपाई मागता येत नाही. शेत त्याच्या ताब्यात कधी गेलेच नव्हते, आणि जे ताब्यात दिले नाही त्याचा जाब त्याला कसा विचारणार?