शब्दाचा ताळा



वाचक सज्जनहो, न्यायशास्त्रात चार प्रमाणे सांगितली आहेत. त्यांतले चौथे शब्दप्रमाण. परंतु कानी पडला तो प्रत्येक शब्द प्रमाण होत नाही. आप्ताचा शब्द प्रमाण. आणि आप्त कोण, तर जे जसे आहे ते तसेच सांगणारा. पाठशाळेत आम्ही हे घोकले, पुढे जन्मभर कीर्तनातून सांगितले, आणि उतारवयात एका आजीने ते आम्हांला पुन्हा शिकवले.

त्याचे असे झाले. एका गावी सप्ताहात काल्याच्या आदल्या रात्री आमची सेवा होती. कोणी तरी आमच्या मोबाईलवर एक अभंग धाडला होता. शेवटी तुकोबांची मुद्रा, आणि आमच्या विषयाला अगदी चपखल. आम्ही तो निरूपणात प्रमाण म्हणून घेतला. टाळकऱ्यांनी उचलला, मृदंग चढला, माना डोलल्या. कीर्तन आटोपल्यावर एक माळकरी आजी पाया पडली आणि हळूच म्हणाली, "महाराज, लई पारायणं झाली माझी, पर त्यो अभंग गाथ्यात कवा गावला न्हाई."

आम्ही हसून वेळ मारून नेली. बिऱ्हाडी येऊन गाथा उघडली. अभंग नव्हता! दुसऱ्या दिवशी काल्याच्या बुवांची आज्ञा घेऊन, नारदाच्या गादीवर उभे राहून आम्ही चूक सांगितली. पण रात्रीचे कीर्तन तोवर पोरांनी मोबाईलमध्ये भरून गावोगाव धाडले होते. आमची कबुली मात्र कोणी धाडली नाही.

म्हणून काय यंत्राला नावे ठेवावीत? मुळीच नाही. २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे संतांच्या पादुका बसने पंढरीस गेल्या, तेव्हा घरी बसलेल्या वारकऱ्याला दर्शन याच यंत्राने घडविले. आज दिंडीचा मुक्काम, पाण्याचा टँकर, डॉक्टरची गाडी यांची वर्दी मागच्या माणसाला क्षणात पोचते ती यामुळेच.

शास्त्रज्ञांचेच पाहा. त्याच महामारीच्या आरंभी, जानेवारी २०२० मध्ये, चीनमधील शास्त्रज्ञांनी त्या विषाणूची सुमारे तीस हजार अक्षरांची जनुकीय संहिता जगापुढे खुली केली. ती संगणकावर वाचून परदेशांत काही दिवसांतच लशीची जुळवाजुळव सुरू झाली. पण संहिता झटपट आली म्हणून लस झटपट टोचली काय? नाही. हजारो स्वयंसेवकांवर कित्येक महिने तिची पारख केली, आणि मगच ती लोकांना दिली. शब्द वेगाने आला, तरी ताळा सोडला नाही.

हे आपल्याला परके नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत नकलाकारांच्या हातून पाठ बिघडले, तेव्हा शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. नकलाकार एका प्रतीत एक चूक करी. आपले बोट एका दाबात शंभर घरी चूक पोचविते. मग नाथांचा नेम आपल्याला शंभरपट पाळावयास नको काय?

तात्पर्य, संतांच्या नावाने वचन आले की आधी गाथा उघडावी. सापडले तरच पुढे धाडावे. न सापडले तर आपल्यापाशीच थांबवावे. आणि चूक होऊन गेलीच, तर ज्या वाटेने ती गेली त्याच वाटेने दुरुस्तीही धाडावी. लाज धरू नये.

त्या आजीजवळ मोबाईल नव्हता. गाथा मात्र कंठात होती. आमच्या झोळीत यंत्र होते, गाथाही होती. पण त्या रात्री आम्ही हात घातला तो यंत्राला. तुम्ही तसे करू नका, इतकीच विनंती.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!