भीष्मांजवळ बसताना कॅप्टन साठे आठवले



आजचं वाचन: महाभारत, शांतिपर्व. युद्ध संपलंय, युधिष्ठिराला राज्याभिषेक झालाय आणि भीष्म अजून शरशय्येवर आहेत, उत्तरायणाची वाट बघत.

हे पर्व मी सध्या लोकलमध्ये वाचतोय. पालघरला चढायचं आणि बोईसरला उतरायचं, मध्ये फक्त उमरोळी. धड दोन पानंही होत नाहीत. पण आज एका जागी असा अडकलो की उतरायचंच राहिलं असतं.

प्रसंग साधा आहे. श्रीकृष्ण युधिष्ठिराला सुचवतात की भीष्मांकडे जा आणि जे विचारायचं ते विचारून घे, हा माणूस गेला की त्याच्याबरोबर फार मोठं ज्ञान जाईल. सगळे कुरुक्षेत्री जातात. पण युधिष्ठिर पुढे होत नाही. त्याला लाज वाटते. ज्यांना आपण बाणांवर निजवलं त्यांच्या समोर कुठल्या तोंडाने जायचं? शेवटी भीष्मच त्याला जवळ बोलावतात, धीर देतात, आणि मग ते जगप्रसिद्ध शिकवणं सुरू होतं.

मला मात्र दुसरंच काहीतरी दिसायला लागलं. तिथे निजलेला माणूस कोण आहे? भर सभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा धर्म फार सूक्ष्म आहे, मला निर्णय देता येत नाही, असं सांगून थांबलेला माणूस. पांडव ते विसरलेले नाहीत आणि द्रौपदी तर नाहीच. तरीही ते त्याच्याच पायाशी बसून धर्म ऐकतात. ती सभा झालीच नाही असं कोणी म्हणत नाही, आणि एका सभेवरून त्या माणसाचं अख्खं आयुष्यही कोणी पुसून टाकत नाही. हे कसं जमलं असेल त्यांना?

आज ७ ऑगस्ट. म्हणून हा प्रश्न पुस्तकातून उठून सरळ कॅप्टन दीपक साठे यांच्यापाशी गेला.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना २०२० ची ती रात्र आठवत असेल. लॉकडाऊन, श्रावण आणि टीव्हीवर पावसात तुकडे होऊन पडलेलं विमान. वंदे भारत मोहिमेखाली दुबईहून कोझिकोडला आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टीवरून पुढे गेलं आणि सुमारे ११० फूट खाली कोसळलं. आत १९० माणसं होती. २१ गेली, त्यात दोन्ही वैमानिक. करोनाची भीती बाजूला ठेवून आसपासचे गावकरी धावत आले, जखमींना मिळेल त्या गाडीत घालून घेऊन गेले, रक्त द्यायला रात्री रांगा लागल्या. (त्या गावकऱ्यांवर खरं तर वेगळं लिहायला हवं.)

विमानाचे कमांडर होते विंग कमांडर दीपक वसंत साठे, निवृत्त. नागपूरचं घर, वडील सैन्यातून कर्नल म्हणून निवृत्त झालेले. थोरला भाऊही सैन्यात होता, तो ऐन तारुण्यात गेला. दीपक खडकवासल्याच्या एनडीएतून पुढे हवाई दलाच्या प्रबोधिनीत गेले आणि तिथे ‘स्वोर्ड ऑफ ऑनर’ मिळवून बाहेर पडले. १९८१ ते २००३ अशी बावीस वर्षं हवाई दलात. लढाऊ विमानं उडवली, नव्या मुलांना शिकवलं, एचएएलमध्ये चाचणी वैमानिक म्हणून काम केलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका अपघातात डोक्याला मोठी इजा झाली होती आणि कित्येक महिने ते रुग्णालयात होते, हा परत उडेल असं कोणाला वाटत नव्हतं, असं घरच्यांनी नंतर सांगितलं. ते परत उडाले. आईने पत्रकारांना सांगितलेली गोष्ट मला सगळ्यात जास्त लक्षात राहिली: गुजरातेतल्या पुरात त्यांनी जवानांच्या मुलांना खांद्यावर घेऊन बाहेर काढलं होतं. दुसऱ्यांच्या मदतीला हा कायम पुढे, असं ती माउली म्हणत होती. ८ ऑगस्टला तिचा चौऱ्याऐंशीवा वाढदिवस होता.

पहिल्या दोन दिवसांत माझ्या फोनवर एकच मजकूर निदान वीस ग्रुपवरून आला. साठेंनी आकाशात तीन घिरट्या घालून इंधन संपवलं, इंजिन बंद केलं, म्हणून आग लागली नाही, स्वतः गेले पण प्रवासी वाचवले. मीही तो पुढे पाठवला, खाली हात जोडल्याची चिन्हं टाकून.

मग सप्टेंबर २०२१ मध्ये चौकशीचा अहवाल जाहीर झाला. त्यात घिरट्यांची गोष्ट नव्हती. होतं ते असं. धो धो पाऊस. उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून विमान वर गेलं, कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. दुसरा प्रयत्न उलट्या बाजूने, पाठीमागून वारा असताना. विमान हवं तसं स्थिर नव्हतं. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती ४,४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर. अशा वेळी ‘गो अराउंड’ करायचं असतं, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. ते केलं नाही. अहवालाने नियम न पाळणं हे संभाव्य कारण म्हणून नोंदवलं. सोबत इतरही बरंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची ड्यूटी लागलेली होती, आणि कोझिकोडला सव्वीस फर्स्ट ऑफिसरांमागे कॅप्टन नेमलेला फक्त एक. परत पोहोचायलाच हवं हे ओझं त्यातून येतं.

फोनवरचं वारं फिरलं. हात जोडणारी तीच माणसं आता ‘एवढा अनुभवी माणूस आणि अशी चूक?’ असं लिहू लागली. आधी देव केला, मग आरोपी. दोन्ही वेळा आपली सोय झाली. देवाकडून शिकायचं नसतं, त्याला हार घालायचा असतो, आणि आरोपी म्हणजे कोणीतरी दुसरा, आपण नव्हे.

खरं सांगतो, अहवाल वाचून मला राग आला होता, आणि तो अहवालावरच. गेलेला माणूस उत्तर द्यायला येऊ शकत नाही. खोलीत बसून महिनोन्‌महिने हिशोब करणाऱ्यांना जे दिसलं, ते पावसात वायपर बंद पडलेल्या काचेमागून काही सेकंदांत दिसायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. अजूनही हा मुद्दा मला खोटा वाटत नाही. भीष्म निदान बोलू शकत होते.

पण अहवालातली एक गोष्ट माझ्यावरच येऊन आदळली. सहवैमानिक अखिलेश कुमार यांनी शेवटच्या क्षणी ‘गो अराउंड’ म्हटलं होतं. त्याआधीही काही बिघडतंय हे त्यांना कळलं होतं, पण ते दबक्या आवाजात सुचवत राहिले. नियमाप्रमाणे त्यांनी सूत्रं स्वतःच्या हातात घ्यायला हवी होती. ती घेतली नाहीत, आणि अहवाल त्याचं कारण देतो: कॉकपिटमधल्या दोघांच्या अधिकारातलं मोठं अंतर. शेजारी कोण बसलं होतं? स्वोर्ड ऑफ ऑनर, बावीस वर्षांचं हवाई दल, हजारो तासांचं उड्डाण. अशा माणसाच्या हातातून कोणी कसं काय काढून घेईल? अखिलेश त्याच रात्री गेले. घरी बायकोचे दिवस भरत आले होते.

मंडळी, तो दबका आवाज मी ओळखतो.

मी तारापूर एमआयडीसीत काम करतो. कंपनीचं नाव नको, आता मी तिथे नाही. नवीन लागलो तेव्हा आमचे शिफ्ट इनचार्ज होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. अण्णांसारखा माणूस नाही. नाइट शिफ्टला हेल्परच्या डब्यात काय आहे हे आधी बघणार आणि मग आपला डबा उघडणार. माझ्या बहिणीच्या अ‍ॅडमिशनची फी त्यांनी भरली होती आणि पुन्हा कधी त्याचं नावही काढलं नाही. प्लांट तर त्यांना आवाजावरून कळायचा.

एका रात्री तीनच्या सुमाराला रिअ‍ॅक्टरमध्ये माल सोडणं चालू होतं आणि थंडावा पुरत नव्हता. ब्राइन कमी येत होतं. टेम्परेचर चढत होतं. अशा वेळी माल सोडणं बंद करायचं हे कागदावर लिहिलेलं आहे, मला तोंडपाठ होतं. पण बंद केलं तर बॅच रखडते आणि सकाळी गाडी लागायची होती. अण्णा म्हणाले, ‘‘होईल रे, सावरून घेऊ.’’ त्यांनी तसं दहा वेळा सावरून घेतलेलंही होतं. मी म्हटलं, ‘‘अण्णा, जरा टेम्परेचर बघता का?’’ बस. एवढंच. व्हॉल्व्ह माझ्यापासून चार पावलांवर होता.

माल उसळून वर आला. अण्णा आणि मी बाजूला होतो. हेल्पर नव्हता. त्याचे दोन्ही हात भाजले.

अण्णांनी सगळा दोष स्वतःवर घेतला. माझं नाव कुठेही येऊ दिलं नाही. काही महिन्यांत नोकरी सोडून गावी गेले. गेल्या वर्षी ते वारले. बोईसरला जुन्या लोकांनी शोकसभा ठेवली आणि मला बोलायला उभं केलं. मी डब्याचं सांगितलं, फीचं सांगितलं, प्लांटच्या आवाजाचं सांगितलं. लोक रडले. त्या रात्रीबद्दल एक शब्द बोललो नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलंय ना?

सभा संपल्यावर शेवटच्या रांगेतून तो हेल्पर पुढे आला. फोटोसमोर हात जोडायला गेला, पण त्याच्या उजव्या हाताची बोटं पूर्ण सरळ होत नाहीत, तसेच जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘साहेब लय चांगले होते. तुम्ही पण होता ना त्या रात्री?’’ मी ‘हो’ म्हणालो आणि गाडीची वेळ झाली असं सांगून निघालो.

तेव्हापासून मला शंका येतेय की मी अण्णांची अब्रू झाकत नव्हतोच, माझी झाकत होतो. अण्णांची चूक सांगायची म्हटली तर त्या चार पावलांचंही सांगावं लागलं असतं.

सभापर्वात एक छोटा माणूस आहे, त्याच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. विकर्ण. दुर्योधनाचा धाकटा भाऊ. भीष्म, द्रोण, विदुर अशी थोर मंडळी बसलेली असताना तो उठून म्हणतो की द्रौपदी जिंकलेली नाही. कर्ण त्याला काय सुनावतो? तू पोर आहेस, मोठे गप्प असताना तुला काय कळतं. आपल्या घरात, ऑफिसात, अगदी सत्संगातही हे वाक्य किती वेळा ऐकलंय. विकर्णाचं कोणी ऐकलं नाही. पुढे तो भीमाच्या हातून मेला, आणि मारणारा भीमच त्याच्यासाठी हळहळला. पण त्याने भीष्मांचा अपमान केला असं महाभारत कुठेच म्हणत नाही. उलट मला वाटतं त्या सभेत भीष्मांना कोणी आधार देऊ केला असेल तर त्यानेच. त्याचं बोलणं भीष्मांनी उचलून धरलं असतं, तर भीष्मांचं ओझंही हलकं झालं असतं.

गो अराउंडमध्ये तसंच आहे. ‘सर, वर चला’ म्हणणारा कॅप्टनची लायकी काढत नसतो. तो त्याला उद्याचा दिवस देत असतो. नागपूरला आईचा वाढदिवस होता, मथुरेला बाळ येणार होतं.

म्हणून आज साठे साहेबांना आठवताना मी तो घिरट्यांचा मजकूर पुन्हा काढणार नाही. त्या माणसाला त्याची गरज नाही. पुरात मुलांना खांद्यावर घेणारे ते, मोडलेलं डोकं घेऊन पुन्हा आकाशात जाणारेही ते, आणि ४,४३८ फुटांवर चाकं टेकवणारेही तेच. जे इतके थोर होते त्यांच्याही हातून असं झालं, हे कळल्यावर मला त्यांच्याबद्दल कमी वाटत नाही. भीती वाटते, स्वतःची.

युधिष्ठिर लाजत होता तरी गेला, एवढं आज वाचलं. पुस्तक मिटलं तेव्हा बोईसर आलं होतं.

तो हेल्पर आता उमरोळीला राहतो, एका गेटवर वॉचमन आहे. मी रोज दोनदा त्याच्या स्टेशनवरून जातो. या रविवारी उतरणार आहे. अण्णांबद्दल बोलू, आणि त्या व्हॉल्व्हबद्दलही. तो काय म्हणेल ते माहीत नाही.

उद्या शांतिपर्वाचा पुढचा भाग.

जय हरी.